मोटारीने वेशीवरच थांबावे

उद्यान कोणासाठी असते, या प्रश्नाचे उत्तर शाळेतील लहान मूलही देईल. ते मुलांसाठी असते, वृद्धांसाठी असते, दिवसभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसांसाठी असते आणि झाडापाखरांसाठी असते. या यादीत मोटारीचे नाव कोणीही घेणार नाही. तरीही गेल्या काही दशकांत आपल्या शहरांतील बागा, शहरांलगतची वने आणि टेकड्या यांच्या दारात मोटार येऊन उभी राहिली आहे. काही ठिकाणी तर तिने दार ओलांडून आत चंचुप्रवेश केला असून, चंचुप्रवेशानंतर मुसळप्रवेश व्हावयास फारसा काळ लागत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. म्हणून मोटारीने नेमके कोठे थांबावे, याचा विचार ती आत शिरण्यापूर्वीच झाला पाहिजे. तो विचार पनवेल तालुक्याच्या संदर्भात आजच होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा डोंगर आहे. त्याचा अंगठ्यासारखा सुळका मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. या डोंगराच्या पायथ्याचे पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. प्रारंभी ते साडेचार चौरस किलोमीटरांहूनही लहान होते. २००३ साली त्याचा विस्तार होऊन ते सुमारे बारा चौरस किलोमीटरांचे झाले. एवढ्याशा रानात दीडशेहून अधिक जातींचे पक्षी नांदतात. शीळकरी कस्तूर, शामा आणि स्वर्गीय नर्तक ही त्यांतील काही नावे. डोंगरापलीकडे पाताळगंगेच्या काठी आपटा हे गाव आहे. पनवेल-रोहा लोहमार्गावरील त्याचे चिमुकले स्थानक १९९५ सालच्या एका सुप्रसिद्ध हिंदी चित्रपटातील अखेरच्या प्रसंगामुळे देशभर ठाऊक झाले. ज्यांनी आपटा कधी पाहिले नाही, त्यांनीही तो फलाट पडद्यावर पाहिला आहे. कर्नाळा ते आपटा हा सारा टापू म्हणजे डोंगर, झाडी, भातखाचरे आणि नदी यांचा एक अखंड हिरवा पट्टा होय.

या पट्ट्याला आजवर एका गोष्टीने राखले होते. ती म्हणजे अंतर. मुंबईहून येथे यावयाचे तर अर्धा दिवस मोडावा लागे. आता ते अंतर उरलेले नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि समुद्राचा वळसा नाहीसा झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले व त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथून प्रवासी विमाने उडू लागली. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातील अत्यंत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिची २०१६ साली महानगरपालिका झाली. तालुक्यातील खेड्यांच्या आराखड्यांवर आता नगररचनाकारांच्या रंगीत पेन्सिली फिरत आहेत. या साऱ्याचा अर्थ एवढाच की, आज जे गावकुसाबाहेरचे रान आहे, ते उद्या एका प्रचंड शहराचे परसदार होणार आहे. कर्नाळा आणि आपटा ही उद्याची शहरातली उद्याने आहेत. त्यांचे भवितव्य आज ठरवावयाचे की, ते हातचे गेल्यावर त्याबद्दल हळहळावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

हळहळणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी दूर जावयास नको. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान एके काळी असेच मुंबईच्या वेशीबाहेर होते. आज मुंबई आणि ठाणे या दोन शहरांनी त्यास चहूंकडून वेढले आहे. शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे अरण्य एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत असावे, हे मुंबईकरांचे महद्भाग्य होय. परंतु त्याच्या प्रवेशद्वारापासून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा जो डांबरी रस्ता आहे, त्यावर वर्षानुवर्षे खाजगी मोटारी धावत आल्या. पहाटे फिरावयास येणारे वृद्ध, सायकलवर आलेले तरुण, सहलीची मुले आणि रस्ता ओलांडणारी हरणे या सर्वांनी त्या मोटारींस वाट करून द्यावी, अशी अपेक्षा असे. ज्यांच्यासाठी उद्यान, त्यांनीच अंग चोरून कडेने चालावयाचे, हा न्याय विपरीत नव्हे काय?

आणि हा प्रश्न केवळ सोयीचा किंवा शांततेचा नाही. तो जीविताचा आहे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ माणसे पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पादचारी. ज्याच्याकडे वाहन नाही, ज्याच्यापासून कोणासही धोका नाही, असा माणूस आपल्या देशात दिवसाला नव्वदाच्या सरासरीने मरतो आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्यास चार ओळी मिळतात.

येथे थोडे गणित मांडल्यावाचून आमच्यातील जुन्या शिक्षकास राहवत नाही. ताशी ४० किलोमीटर हा वेग आजच्या मोटारवाल्यास रांगल्यासारखा वाटतो. परंतु या वेगाने मोटार एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. समोर चेंडूमागे धावत आलेले मूल पाहून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ते अकरा मीटर संपलेले असतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मोटार थांबावयास आणखी आठ-नऊ मीटर लागतात. एकूण वीस मीटर. वेग निम्मा केला, म्हणजे ताशी २० किलोमीटरांवर आणला, तर हेच अंतर आठ मीटरांच्या आसपास येते. आणि आघात झालाच तर त्याचा जोर निम्मा नव्हे, चतुर्थांश होतो. कोकणातील चार महिन्यांचा पाऊस आणि ओल्या पानांचा थर यांचा हिशेब यात धरलेला नाही. बागेतल्या वाटेवर आठ मीटरांच्या आत मूल केव्हा येईल, हे कोणता चालक सांगू शकेल? मूल बागेत येते तेच मुळी न पाहता धावता यावे म्हणून. जेथे त्यास आईने क्षणोक्षणी हात धरून मागे ओढावे लागते, त्या जागेस रस्ता म्हणावे. उद्यान म्हणू नये.

हा वाद एकट्या आपल्याच नशिबी आलेला आहे, असे नाही. जगातील थोर थोर शहरे त्यातून गेली आहेत आणि त्यांचा अनुभव बोधप्रद आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे उदाहरण घ्या. ऑल्मस्टेड व वॉक्स या दोघा रचनाकारांनी १८५८ साली त्याचा जो आराखडा केला, त्यात एक दूरदृष्टीची गोष्ट होती. शहराची आरपार जाणारी वाहतूक उद्यानाने अडवून चालणार नाही, हे ओळखून त्यांनी चार आडवे रस्ते जमिनीच्या पातळीखालून नेले. त्या वेळी मोटार जन्मासही आली नव्हती. ती योजना घोडागाड्या व मालाच्या खटाऱ्यांसाठी होती. परंतु उद्यानाच्या आतील रमणीय रस्त्यांवर पुढे मोटारींस मुभा मिळाली आणि पाहता पाहता ते रस्ते शहरातील जवळच्या वाटा होऊन बसले. १९६६ साली सुट्टीच्या दिवशी ते मोटारींस बंद करण्याचा प्रयोग सुरू झाला. मग काही तास, मग काही भाग, असे करीत करीत २०१८ च्या जूनमध्ये ते रस्ते मोटारींस कायमचे बंद झाले. मोटारीस आत घेण्यास एक आज्ञा पुरली. तिला बाहेर काढण्यास बावन्न वर्षे लागली. दीडशे वर्षांपूर्वीचे ते चार खोल रस्ते मात्र आजही वाहते आहेत आणि त्यांबद्दल कोणाची तक्रार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधील मुख्य रस्ता १९६७ पासून रविवारी मोटारींस बंद असे. २०२० साली महामारीच्या काळात तो पूर्णतः बंद करण्यात आला, आणि तो तसाच राहावा की नाही, यावर त्या शहरात दोन वर्षे घनघोर वाद झाला. उद्यानातील संग्रहालयास भेट देणाऱ्यांचे काय, अपंगांचे काय, दूरच्या वस्तीतील गरिबांचे काय, असे रास्त प्रश्न विचारले गेले. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये नागरिकांनी प्रत्यक्ष मतदान करून रस्ता मोटारमुक्त ठेवण्याचा कौल दिला. आपल्याकडे बंगळूरच्या कब्बन पार्कमधून जाणारे रस्ते रविवारी व सुट्टीच्या दिवशी बंद ठेवण्याची प्रथा पडली. महामारीत ते सर्वच दिवस बंद राहिले तेव्हा ते पुन्हा उघडू नयेत, अशी मागणी फिरावयास येणाऱ्यांनी केली. ज्यांनी एकदा ती शांतता अनुभवली, ते ती सहजासहजी परत द्यावयास तयार होत नाहीत, हाच या सर्व ठिकाणचा धडा आहे.

परंतु न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोच्याही आधी आम्हांस पनवेलच्या पूर्वेकडील डोंगरांकडे बोट दाखवावयाचे आहे. माथेरान हे आपल्या डोळ्यांसमोर उभे आहे. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर मॅलेट यांनी ते प्रकाशात आणले आणि १९०७ साली नेरळहून तेथे छोटी आगगाडी जाऊ लागली. मोटारीस मात्र दस्तुरीच्या नाक्यापलीकडे प्रवेश मिळाला नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केले आणि या निर्बंधास कायद्याचे बळ मिळाले. याचा परिणाम काय झाला? माथेरान ओस पडले काय? उलट, मोटार नाही हेच त्याचे सर्वांत मोठे आकर्षण ठरले. मोटारी आल्यावाचून पर्यटन कसे वाढणार, असे विचारणाऱ्यांनी एकदा दस्तुरीच्या नाक्यावर सुट्टीच्या दिवशी उभे राहून पाहावे.

अर्थात माथेरानची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोटार थांबली, पण तिची जागा माणसाने ओढावयाच्या रिक्षेने घेतली. लाल मातीच्या चढणीवर एका माणसाने दुसऱ्या माणसास ओढून न्यावे, हे दृश्य स्वातंत्र्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षेचा प्रयोग करण्यास अनुमती दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश देताना, त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी त्यांस ई-रिक्षा देण्याची योजना करावी, असे सांगितले. यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. पहिली अशी की, मोटार बंद करणे एवढ्याने काम संपत नाही; ज्यास चालवत नाही त्याने कसे जावे, याची सन्मान्य व्यवस्था त्याच दिवशी करावी लागते. दुसरी अशी की, ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांस वाऱ्यावर सोडून निसर्गरक्षण होत नाही.

म्हणूनच विरुद्ध पक्षाचे म्हणणे आम्ही आदराने ऐकतो. ते म्हणतात, सत्तर वर्षांच्या गुडघेदुखीच्या आजीने झाडे पाहूच नयेत काय? चाकाच्या खुर्चीवरील मुलाचा बागेवर हक्क नाही काय? सायंकाळी निर्मनुष्य वाटेवरून एकट्या स्त्रीने दूरच्या वाहनतळापर्यंत कसे जावे? हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. परंतु यांचे उत्तर सर्वांच्या सर्व मोटारी आत सोडणे, हे नव्हे. आजींसाठी व अपंगांसाठी मंद गतीची विजेवर चालणारी सामायिक गाडी ठेवता येते. त्यांस घेऊन येणाऱ्या वाहनास विशिष्ट जागेपर्यंत परवाना देता येतो. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी दिवे, पहारेकरी आणि माणसांची वर्दळ हवी. काचा चढवून भरधाव जाणारी मोटार कोणासही सोबत करीत नाही. रुग्णवाहिका, अग्निशामक बंब व वनखात्याची वाहने यांस बंदी घाला, असे कोणीही म्हणत नाही. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. या वादात आजीचे नाव पुढे केले जाते खरे, परंतु आत शिरणाऱ्या मोटारींत आजी किती आणि धडधाकट मंडळी किती, हे कोणीही दारात उभे राहून मोजावे.

सायकलस्वारांविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे. नव्या मुंबईकडून कर्नाळ्याच्या दिशेने पहाटे निघणारी सायकलस्वारांची मंडळी पाहून आम्हांस आनंदच होतो. पुण्यासारखे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते, हे ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांस हा नवा उत्साह पाहून बरे वाटल्यावाचून राहणार नाही. महामार्गावर अवजड मालमोटारींच्या शेजारून जाणाऱ्या या तरुणांस स्वतंत्र मार्गिका मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी न्याय्य आहे. परंतु सायकल म्हणजे निरपवाद निरुपद्रवी वाहन, असेही समजू नये. न्यूयॉर्कच्या त्याच सेंट्रल पार्कमध्ये २०१४ साली सायकलच्या धडकेने दोन पादचाऱ्यांचा मृत्यू झाला. मोटारीस बाहेर ठेवून तिच्या जागी शर्यतीच्या सायकली व विजेवरच्या दुचाक्या पळवावयाच्या, तर वृद्धांच्या व मुलांच्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात पडल्यासारखेच होईल. उद्यानात पहिला मान पायांचा. सायकलीचा त्यानंतरचा, आणि तोही आखून दिलेल्या वाटेवर व आवरलेल्या वेगाने. हा क्रम एकदा मनात पक्का झाला की, बाकीचे नियम त्यातून आपोआप निघतात.

आता प्रत्यक्ष काय करावे? कर्नाळ्याच्या रानातील हरियाल आणि मोरटाका या पायवाटा पायांनीच तुडवावयाच्या आहेत. ती परंपरा कोणत्याही सबबीखाली मोडू नये. रानातून गेलेला महामार्ग आता बंद करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ऑल्मस्टेडने दीडशे वर्षांपूर्वी जे केले त्याचा आशय आपणही घेऊ शकतो. आरपार जाणारी वाहतूक आणि उद्यानातील वावर यांची सरमिसळ होता कामा नये. महामार्गावर रानाच्या हद्दीत वेगाची मर्यादा कसोशीने पाळली जावी आणि माणसांस व प्राण्यांस तो सुरक्षितपणे ओलांडण्याची सोय व्हावी.

आपट्याच्या बाबतीत तर दैवाने आपणांस एक मोठी सवलत दिली आहे. तेथे आगगाडी जाते. दिवा-रोहा गाडीने पनवेलकर मोटारीवाचून आपट्यास उतरू शकतो. सुट्टीच्या दिवशी या मार्गावर अधिक गाड्या सोडल्या, स्थानकापासून नदीकडे व डोंगराकडे जाणाऱ्या वाटा नीट बांधून, सावलीची झाडे लावून पादचाऱ्यांसाठी राखल्या, आणि सायकली भाड्याने देण्याचे काम गावातील तरुणांकडे सोपविले, तर आपटा हे मोटारीवाचून सहलीस जाता येण्याचे महाराष्ट्रातील एक आदर्श ठिकाण होईल. मोटारीने येणाऱ्यांसाठी गावाबाहेर वाहनतळ असावा. त्याचे शुल्क भरपूर असावे. आणि त्या उत्पन्नातून वाटांची डागडुजी, दिवे व पहारेकरी यांचा खर्च भागवावा. ग्रामस्थांची स्वतःची वाहने, शेतमालाची ने-आण, एस. टी. गाडी व शाळेची वाहतूक यांवर मात्र कोणतेही बंधन येता कामा नये. बाहेरच्यांच्या विरंगुळ्यासाठी गावकऱ्यांची अडवणूक करणे, हा निसर्गप्रेमाचा अतिरेक होईल. या डोंगरांत राहणाऱ्या ठाकूर व कातकरी कुटुंबांस वाटाड्याचे व देखरेखीचे काम प्रथम मिळावे, हेही ओघानेच आले.

शहरातील बागांसही हाच न्याय लागू आहे. खारघरचे जे विस्तीर्ण उद्यान सिडकोने उभारले, त्यास नाव सेंट्रल पार्क असेच दिले गेले आहे. नावाबरोबर न्यूयॉर्कचा धडाही घ्यावा. बागेच्या दारापुढील रस्ता ओलांडताना जर जीव मुठीत धरावा लागत असेल, तर आतील हिरवळीचा काय उपयोग? प्रत्येक बागेच्या प्रवेशद्वाराभोवतीचा काही भाग मंदगती क्षेत्र म्हणून आखावा, पदपथ अतिक्रमणांतून मोकळे करावेत, आणि रविवारच्या सकाळी जवळचा एखादा रस्ता मुलांच्या स्वाधीन करावा. २०२२ साली मुंबई पोलिसांनी मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी मोटारींस बंद करून तो प्रयोग केला होता. त्या दिवसांत मुलांनी रस्त्यावर मांडलेले खेळ ज्यांनी पाहिले, त्यांस या मागणीचे वेगळे समर्थन करावयास नको.

हे सारे लिहिताना आमचा रोख कोणा एका खात्यावर नाही. तो आपल्या सुशिक्षित, सुस्थित वर्गाच्या एका सवयीवर आहे. एके काळी मोटार ही मूठभरांची चैन होती. आज ती मध्यमवर्गीय घराची गरज मानली जाते, आणि तिच्याबरोबर ती जेथे जाईल तेथे आपण जावे, किंबहुना आपण जेथे जाऊ तेथे ती आलीच पाहिजे, ही वृत्ती आली आहे. देवळाच्या पायरीशी आपण जोडे काढतो, ते जोडे वाईट असतात म्हणून नव्हे. त्यांची जागा बाहेर असते म्हणून. उद्यानाच्या दाराशी मोटार सोडताना अपमान वाटण्याचे कारण नाही. तेथून पुढची चार पावले चालल्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. प्रकृती सुधारण्याचा संभव मात्र आहे.

पनवेल महानगरपालिका, सिडको, वनखाते, रेल्वे आणि रायगड जिल्ह्याचे प्रशासन यांनी एकत्र बसून कर्नाळा-आपटा पट्ट्यासाठी मोटार कोठे थांबेल याची रेघ नकाशावर आजच आखावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आज ती रेघ आखण्यास कागद, पेन्सिल आणि थोडा निर्धार पुरेल. दहा वर्षांनी तेथे हॉटेलांच्या पाट्या, वाहनांच्या रांगा आणि गुंतलेले हितसंबंध उभे असतील. मग तीच रेघ आखण्यासाठी मोर्चे, खटले आणि कदाचित एखाद्या मुलाचा बळी लागेल. २०२३ साली पुण्याच्या नागरिकांस वेताळ टेकडी वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. पनवेलकरांवर ती पाळी येऊ नये. राज्यकर्त्यांनी शहाणपण दाखविण्यास अद्याप वेळ गेलेली नाही, आणि नागरिकांनी त्यांस त्याची आठवण करून देण्याचीही हीच वेळ आहे.